दोन अक्षरांचा उमेदवार
(प्रस्तावना)

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमच्याकडे उमेदवाराचं नाव मागे पडतं आणि चिन्ह पुढे येतं. पारावर विचारतात ते एवढंच : "यंदा कपबशी का नारळ?" चिठ्ठ्या वाटणारी पोरं म्हाताऱ्यांना शाळेच्या फाटकापर्यंत हाताला धरून नेतात आणि कानात सांगतात, "आज्जे, वरून तिसरं बटन." आज्जी मान हलवते, आत जाते आणि तिला जे दाबायचं तेच दाबते. बाहेर आल्यावर सगळ्यांनाच सांगते, "तुमचंच दाबलं."

या चिन्हांना आपण हसतो, पण ती आली त्यामागे कारण होतं. आमचं गाव तलवाडा, ते पूर्वी हैदराबाद संस्थानात होतं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आमचे आजे-पणजे निजामाची रयत होते. मत नावाची वस्तू त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. त्या वेळी कागदावर शिक्काही मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. ज्याला अक्षर येत नाही त्याचंही मत मोजलं जावं, म्हणून ही सोय होती. जगात फार थोड्या देशांनी एवढं धाडस केलं.

जपानात याच्या अगदी उलट आहे. तिथल्या मतदाराला मिळते ती जवळजवळ कोरी चिठ्ठी. तिच्यावर उमेदवारांची यादी नसते आणि चित्रही नसतं. आडोशाला पेन्सिल ठेवलेली असते, समोर उमेदवारांची नावं लावलेली असतात, आणि आपल्या माणसाचं नाव मतदाराने स्वतःच्या हाताने लिहायचं असतं. अक्षर चुकलं, नाव भलतंच झालं, तर मत बाद होण्याची भीती. एकाच नावाचे दोन उमेदवार असले आणि चिठ्ठीवर तेवढंच नाव लिहिलेलं निघालं, तर ते मत दोघांमध्ये प्रमाणात वाटतात. त्यामुळे तिथल्या निकालात मतांची संख्या कधीकधी दशांशात येते. तिथले उमेदवार म्हणूनच आपलं नाव शक्य तितकं सोपं करून घेतात. अवघड चित्रलिपी सोडून बालवाडीतल्या पोरालाही येतील अशा अक्षरांत ते फलकावर लिहितात.

21 एप्रिल 2019 रोजी टोकियोतल्या एदोगावा या वॉर्डाच्या परिषदेसाठी मतदान झालं. जागा 44. त्यात एका उमेदवाराचं नाव फलकावर अवघ्या दोन अक्षरांचं होतं : 'यो' आणि 'गि'. त्या नावाला 6,477 मतं पडली आणि मतांच्या क्रमाने तो पाचवा आला. आपल्या लिपीतही ते नाव दोनच अक्षरांत बसतं. योगी.

हे पुस्तक त्या योगींचं, म्हणजे योगेंद्र पुराणिक यांचं आहे. 1977 साली जन्मलेला, अंबरनाथ-पुण्याकडे वाढलेला हा मराठी मुलगा विद्यार्थी म्हणून 1997 मध्ये पहिल्यांदा जपानला गेला. 2001 मध्ये संगणक अभियंता म्हणून पुन्हा गेला, तो तिथलाच झाला. पुढे बँकांमध्ये काम केलं, 2005 पासून एदोगावात राहिला, 2012 मध्ये जपानचं नागरिकत्व घेतलं आणि सात वर्षांनी निवडून आला. जपानमध्ये निवडणूक जिंकणारी भारतीय वंशाची ती पहिली व्यक्ती. एका परिच्छेदात चरित्र संपलं, असं वाटेल. पुस्तकाच्या लेखकाने मात्र या एकेका सालापाशी थांबून पाहिलं आहे, म्हणून मी प्रस्तावनेचं हे काम स्वीकारलं.

लेखक आमच्या तलवाड्याचा. माझ्याच हाताखाली शिकला. पुण्यात नोकरी करता करता जपानी भाषेच्या परीक्षा देत राहिला आणि तिथल्या जाहीर मुलाखती, निवडणूक कागद, वर्तमानपत्रं स्वतः वाचून त्याने हे लिहिलं. प्रस्तावना मागायला आला तेव्हा मी म्हणालो, अरे, मी आयुष्यात गेवराई, बीड आणि फार तर संभाजीनगर पाहिलेला माणूस. माझा जपान 'तोत्तोचान'मधला. चेतना सरदेशमुख गोसावींनी मराठीत आणलेलं ते पुस्तक जिल्हा परिषदेच्या किती शिक्षकांच्या पिशवीत होतं ते मला माहीत आहे. रेल्वेच्या डब्यातली शाळा आणि मुलाचं बोलणं तासन्‌तास ऐकणारे कोबायाशी गुरुजी, एवढ्यावर मी काय लिहिणार? तो म्हणाला, "सर, मी जपान लिहिलाय. तुम्ही तलवाडा लिहा." शिष्याचा हा उद्धटपणा मला आवडला.

आता जपानी राजकारणाबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुराणिकांनी काय केलं ते कळत नाही. महाराष्ट्राला नावाने माहीत असलेला जपानी नेता एकच, शिंझो आबे. 14 सप्टेंबर 2017 रोजी मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या पायाभरणीला ते अहमदाबादेत आले होते, आणि 8 जुलै 2022 रोजी नारा शहरात भर सभेत त्यांना गोळ्या घातल्या, ती बातमी आमच्या पारावरही पोचली. हे आबे कुठून आले? आजोबा नोबुसुके किशी पंतप्रधान. आजोबांचे भाऊ एसाकु सातो पंतप्रधान. वडील शिंतारो आबे परराष्ट्रमंत्री. जपानी लोक म्हणतात, निवडणुकीला तीन 'बान' लागतात. 'जिबान' म्हणजे पायाखालची जमीन, आपला बांधलेला मतदार. 'कानबान' म्हणजे दारावरची पाटी, घराण्याचं नाव. आणि 'काबान' म्हणजे बॅग. बॅगेत काय असतं ते बीड जिल्ह्यातल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही, आणि पहिली दोनही नाही. हस्तलिखितात हे पान वाचताना मला क्षणभर वाटलं, हा आपल्याच तालुक्याबद्दल लिहितोय.

अशा देशात ज्याच्याकडे तिन्हींपैकी एकही 'बान' नाही, पाटीवरचं नाव वाचताना मतदार अडखळतो, असा माणूस उभा राहतो. असा प्रयत्न पुराणिकांच्या आधीही झाला होता. फिनलंडहून 1967 साली धर्मप्रसाराला आलेले मारुतेई त्सुरुनेन जपानी नागरिक झाले, 1992 मध्ये युगावारा गावाच्या परिषदेवर निवडून आले आणि पुढे अनेकदा आपटी खाऊन 2002 मध्ये वरिष्ठ सभागृहात पोचले. तेही पक्षाच्या यादीतल्या वरच्या माणसाने राजीनामा दिला म्हणून. (मारुतेई हे नाव ऐकून आमच्या गावातल्या एकाने "आपला मारुती तिथं बी?" असं विचारलं होतं. मी त्याचा आनंद घालवला नाही.) पण युरोपातून आलेल्या गोऱ्या माणसाकडे पाहण्याची जपानी नजर वेगळी असते आणि आशियातून नोकरीला आलेल्या सावळ्या माणसाकडे पाहण्याची वेगळी. हे लेखकाने सौम्यपणे लिहिलं आहे, मी जरा जोर देऊन लिहितो.

एदोगावा म्हणजे टोकियोच्या पूर्व कडेचा, सुमारे सात लाख वस्तीचा वॉर्ड. तिथल्या निशिकासाई स्टेशनाभोवती भारतीय का जमले, याची कारणं या पुस्तकात फार छान उलगडली आहेत. 2000 साल उजाडताना संगणकातल्या तारखा गडबडतील, या धास्तीने जपानी बँकांना आणि कंपन्यांना हजारो अभियंते हवे झाले. ते भारतातून आले. त्यांची कामाची ठिकाणं ओतेमाची-निहोनबाशी भागात, आणि तिथे गाडी न बदलता नेणारी तोझाई मार्गिका निशिकासाईवरून जाते. राहायला घर मिळवणं हे परदेशी माणसाचं खरं दुखणं. खासगी मालक जामीनदार मागतात, घरमालकाला परत न मिळणारी 'सप्रेम भेट' द्यावी लागते, आणि एवढं करूनही परदेशी चेहरा पाहून नकार येतो. सरकारी गृहसंस्थेच्या वसाहतींत हे काहीच नव्हतं. त्यात तिथे आधीपासून स्थायिक असलेले कोलकात्याचे चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी नव्या पोरांना घर शोधून देण्यापासून जेवणाची सोय करण्यापर्यंत धावून जात. एक माणूस, एक रेल्वे आणि जामीन न मागणारी घरं. वस्त्या अशाच वसतात. पुण्यात बीडकरांच्या वस्त्या कशा वसल्या ते आठवून पाहा.

2019 च्या सुमारास एदोगावात चार हजारांहून अधिक भारतीय राहत होते. जपानमधल्या एकूण भारतीयांपैकी साधारण दहावा हिस्सा. बातमी आली तेव्हा आपल्याकडच्या बहुतेकांनी गृहीत धरलं की आपल्या लोकांनी आपला माणूस निवडून दिला. मीही तसंच धरलं होतं. पण हिशेब वेगळा आहे. जपानमध्ये परदेशी नागरिकाला मत नाही. वीस वर्षं राहा, कर भरा, पोरं तिथल्या शाळेत घाला, मत नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 1995 च्या निकालात म्हटलं की कायमच्या रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मत देणारा कायदा संसदेने केला तर राज्यघटना आड येत नाही. कायदा मात्र झाला नाही. म्हणजे ज्या भारतीयांच्या अडचणी पुराणिक मांडत होते त्यांच्यापैकी जवळपास कुणीच त्यांना मत देऊ शकत नव्हतं. ती 6,477 मतं प्रामुख्याने जपानी माणसांची आहेत. स्टेशनाबाहेर सकाळी उभ्या असलेल्या या माणसाचं ऐकून त्यांनी पेन्सिलीने ती दोन अक्षरं लिहिली. माझ्या दृष्टीने या पुस्तकातलं सगळ्यात मोठं वाक्य हेच आहे, आणि लेखकाने ते एका तळटीपेत टाकलं होतं. मी त्याला ते वर आणायला लावलं.

प्रचाराचे नियमही वाचण्यासारखे आहेत. वॉर्ड परिषदेच्या निवडणुकीत प्रचाराला फक्त सात दिवस. घरोघर जाऊन मत मागायला 1925 पासून बंदी. भिंती रंगवायच्या नाहीत. सरकारी फळीवर प्रत्येकाला एकसारखा चौकोन मिळतो, त्यात एक भित्तिपत्रक. कर्ण्याची गाडी सकाळी आठ ते रात्री आठ. अनामत तीन लाख येन. आमच्याकडे रात्री आठनंतर तर खरा प्रचार सुरू होतो.

आता नागरिकत्व. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, जपानही मानत नाही. मत हवं तर पासपोर्ट सोडायचा. अर्जासोबत आपल्याला जपानी का व्हायचंय ते जपानी भाषेत स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यावं लागतं. मंजुरी मिळाली की नाव सरकारी राजपत्रात छापून येतं. 2011 च्या मार्चमध्ये ईशान्य जपानात भूकंप आणि त्सुनामी आली. अनेक परदेशी कुटुंबं त्या दिवसांत देश सोडून निघाली. पुराणिक आपद्‌ग्रस्तांना मदत करायला गेलेल्या स्वयंसेवकांमध्ये होते. त्यानंतरच्या वर्षी ते जपानी नागरिक झाले. दोन गोष्टींचा संबंध लेखकाने जोडला आहे, आणि तो मला पटतो. संकटात जिथून पळ काढला नाही ती जागा माणसाला आपली वाटू लागते.

इथे मला तलवाडा लिहायचा आहे.

दसरा झाला की आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरात्रात त्वरितादेवीचं दर्शन झालं की बाजा, भांडी, शेळ्या, लहान पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, नाहीतर कर्नाटकात बेळगावाकडे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. दोन माणसं मिळून एक हत्यार, असं मोजणारी दुसरी भाषा मला माहीत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. आजारी पडून खाडा झाला तर तो अंगावर लागतो. फडाजवळ उसाच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात, आणि पाच-सहा महिने तेच गाव. पाडव्याच्या आगेमागे परत.

या माणसांना मत आहे. ते इथे, तलवाड्यात आहे. ते वर्षातला निम्मा काळ जिथे राहतात, त्यांची पोरं जिथे आजारी पडतात, बायका जिथे अंधारात पाण्याला जातात, तिथला सरपंच त्यांचं काही देणं लागत नाही, कारण तिथल्या यादीत ते नाहीत. तिथे त्यांना म्हणतात 'बीडवाले'. इथल्या पुढाऱ्याला ते पाच वर्षांतून एकदा आठवतात आणि मग त्यांना आणायला गाड्या जातात. 2024 च्या विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं, ऐन हंगामाच्या तोंडावर. कायदा म्हणतो, जिथे तुमचा नेहमीचा रहिवास तिथे नाव नोंदवा, आणि एकाच ठिकाणी नोंदवा. अर्धं वर्ष कोपीत राहणाऱ्याचा नेहमीचा रहिवास कुठला? निवडणूक आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये दूर असलेल्या मजुरांसाठी वेगळ्या मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला, जानेवारी 2023 मध्ये पक्षांपुढे ते ठेवलं, विरोधी पक्षांनी शंका काढल्या आणि विषय तिथेच थांबला. ते यंत्र आलं असतं तरी त्यातून पडणारं मत इथलंच असतं. फडावरच्या दिव्याचं, नळाचं, साखरशाळेचं मत कुठे द्यायचं?

शिष्यवृत्तीवर गेलेला अभियंता आणि उचल घेऊन गेलेला कोयता, ही तुलना ओढून आणलेली आहे, हे मला समजतं. एकाच्या हातात पदवी होती, दुसऱ्याच्या डोक्यावर मोळी. पुराणिकांपुढे निवड होती, आमच्या माणसांपुढे ती नसते. तरीही हे हस्तलिखित वाचताना मला सारखा फड दिसत होता. माणूस ज्या ठिकाणी घाम गाळतो त्या ठिकाणच्या कारभारात त्याला तोंड असावं की नसावं, हा प्रश्न निशिकासाईत आहे तसाच कोपीतही आहे. पुराणिकांनी त्याचं उत्तर स्वतःपुरतं शोधलं, आणि त्यासाठी जन्मभूमीचा कागद परत केला. हे उत्तर सगळ्यांच्या उपयोगाचं नाही. पण प्रश्न तरी त्यांनी नीट उभा केला.

वॉर्ड परिषद म्हणजे काही संसद नव्हे. शाळा, बालवाड्या, कचरा, मैदानं, पूर, असले तिचे विषय. पुराणिक संविधानवादी लोकशाही पक्षाकडून उभे होते. हा पक्ष 2017 मध्ये स्थापन झालेला, सत्तेबाहेरचा. नवख्या परदेशी रहिवाशांना जपानी भाषा आणि तिथल्या रीतीभाती शिकवण्याची सोय व्हावी, सरकारी शाळांतलं इंग्रजी सुधारावं, अशा साध्या गोष्टी ते मांडत होते. त्याआधी वसाहतीच्या रहिवासी संघात आणि शाळेच्या पालक संघात ते काम करतच होते. म्हणजे कचरा कुठल्या दिवशी कुठल्या पिशवीत टाकायचा, यावरून होणारी भांडणं त्यांनी सोडवली असणार. जपानात परदेशी माणसाविरुद्धची पहिली तक्रार बहुधा कचऱ्याची असते.

ते निवडून आले त्याच वर्षीची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. एदोगावा दोन मोठ्या नद्यांच्या मुखाशी आहे. त्याचा सुमारे सत्तर टक्के भाग भरतीच्या वेळी समुद्राच्या पातळीखाली असतो. मे 2019 मध्ये वॉर्डाने घरोघर पुराचा नकाशा वाटला, आणि त्याच्या मुखपृष्ठावर आपल्याच वॉर्डाकडे बाण दाखवून चक्क लिहिलं, की इथे थांबू नका. आपल्याकडे कुठल्या नगरपालिकेने एवढं खरं छापलं असतं? त्याच ऑक्टोबरात हगिबिस चक्रीवादळ आलं आणि वॉर्डाने चार लाखांहून अधिक लोकांना घर सोडायला सांगितलं. अशा रात्री भोंग्यातली सूचना ज्याला कळत नाही त्याचं काय? भाषेचा प्रश्न तिथे अस्मितेचा नसतो, जीव वाचवण्याचा असतो. आमच्याकडे टँकर येणार की नाही हे विचारत बसलेल्या माणसाला पाण्याखालच्या गावाची काळजी समजायला वेळ लागतो, पण समजते. आभाळाने दगा दिला की दोघांनाही सरकारी कागदाची वाट पाहावी लागते.

आता माझी तक्रार. पुराणिकांना चार वर्षांसाठी निवडून दिलं होतं. 2021 च्या जुलैत ते टोकियो महानगर विधानसभेला उभे राहिले आणि पडले. तिथल्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या निवडणुकीचा अर्ज भरला की आधीची जागा आपोआप जाते. म्हणजे हातची परिषदही गेली. लेखकाने या प्रसंगाला 'मोठी झेप घेण्याचा प्रयत्न' म्हटलं आहे. मी शिक्षक आहे, लाल शाई अजून वापरतो. ज्यांनी जपून दोन अक्षरं लिहिली त्यांच्या कामाची दोन वर्षं अर्धवट राहिली, असंही म्हणता येईल. ग्रामपंचायतीतून एका उडीत विधानसभेला निघालेली माणसं आम्ही बीड जिल्ह्यात पुष्कळ पाहिली आहेत. पक्षाने घोड्यावर बसवलं असेल, स्वतःलाही वाटलं असेल. पण चरित्रनायकावर प्रेम असलं तरी चरित्रकाराने ही गोष्ट मोकळेपणाने लिहायला हवी होती. आम्ही यावर भांडलो. परिच्छेद त्याने ठेवला तसाच ठेवला. मी इथे लिहून मोकळा झालो.

पराभवानंतरचं प्रकरण मात्र मला सगळ्यात जवळचं वाटलं. टोकियोच्या ईशान्येला इबाराकी प्रांत आहे. तिथल्या सरकारी शाळांचे प्राचार्य शिक्षण खात्याबाहेरूनही निवडावेत, असं ठरलं आणि जाहिरात निघाली. पुराणिकांनी अर्ज केला. 2022 मध्ये ते त्सुचिउरा इथल्या पहिल्या क्रमांकाच्या सरकारी माध्यमिक शाळेत उपप्राचार्य झाले आणि पुढे प्राचार्य. ही शाळा एकोणिसाव्या शतकातली, प्रांतातल्या हुशार पोरांची. कल्पना करा, की बीडच्या एखाद्या जुन्या नामांकित सरकारी शाळेत एक जपानी माणूस मुख्याध्यापक म्हणून रुजू झालाय, आणि मराठीत परिपाठ घेतोय. शिक्षक संघटनेने काय केलं असतं ते मी लिहीत नाही, मीही एके काळी संघटनेत होतो.

राजकारणी माणूस हरल्यावर शाळेत जातो, हे आमच्याकडच्या क्रमाच्या उलटं आहे. आमच्याकडे शाळा आधी काढतात, मग राजकारणात जातात, आणि शाळा सोबत नेतात.

पुस्तकातला एक भाग मी लेखकाला कमी करायला सांगितला आणि त्याने तो थोडासा केला. निकालाच्या वेळी आपल्याकडच्या बातम्यांत 'टोकियोत मराठी झेंडा' अशा थाटाचे मथळे झळकले होते. लेखकाच्या पहिल्या खर्ड्यातही तो झेंडा पानोपानी फडकत होता. आनंद होणं स्वाभाविक आहे. पुराणिकांनीही मराठीपण सोडलेलं नाही. त्यांच्या आईंनी निशिकासाईत भारतीय जेवणाचं उपाहारगृह चालवलं, आणि एदोगावात भारतीय संस्कृतीचं केंद्र उभं राहिलं ते पुराणिकांच्या पुढाकाराने. 2025 च्या मार्चमध्ये तिथे छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा बसवला गेला, तेव्हा आमच्या गावातल्या फोनांवर ती छायाचित्रं दिवसभर फिरत होती. पण झेंडा रोवायला गेलेल्या माणसाला कुणी मत देत नाही. ते जपानी म्हणून उभे राहिले, जपानी कायद्यात, जपानी भाषेत, आणि कामं सांगितली तीही एदोगावाची. तिथल्या रीतीप्रमाणे आडनाव आधी लिहिलं, 'पुराणिक योगेंद्र', जसं आपण शाळेच्या हजेरीपटात लिहितो. उद्या बेळगावाकडच्या एखाद्या गावात आमचा ऊसतोड्या स्थायिक झाला, कन्नड शिकला आणि तिथल्या पंचायतीला उभा राहिला, तर आपण त्याला काय म्हणू? झेंडेवाल्यांनी या प्रश्नाचं उत्तर आधी द्यावं.

लेखकाच्या भाषेबद्दल दोन शब्द. जपानी शब्द त्याने मराठीच्या तोंडात बसतील असे केले आहेत. निवडणुकीची पद्धत सांगताना आकडे येतात, पण अडत नाहीत. निशिकासाई, नागरिकत्व आणि शाळा ही तीन प्रकरणं उत्तम. बँकेतल्या नोकरीचं प्रकरण कंटाळवाणं आहे, ते घाईने वाचलं तरी चालेल. शेवटी त्याने जपानी अक्षरांचा एक तक्ता दिला आहे. त्यात 'यो' आणि 'गि' ही अक्षरं मी स्वतः गिरवून पाहिली. 'गि'च्या डोक्याशी दोन बारीक रेघा द्यायच्या राहिल्या तर तो 'कि' होतो.

एक विनंती आहे. या पुस्तकाच्या काही प्रती दसऱ्याआधी टोळ्यांच्या मुकादमांकडे द्यायचं लेखकाने आणि मी ठरवलं आहे. पोरं हंगामी वसतिगृहात मागे राहत असतील तर त्यांनी इथे वाचावं. सोबत जाणार असतील तर रात्री कोपीत आई-बापांना वाचून दाखवावं. नागरिकत्वाचं प्रकरण आधी वाचा, निवडणुकीचं नंतर. आणि पाडव्याला परत आलात की प्रत वाचनालयात आणून द्या, पुढच्या टोळीला लागेल.

तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड